घंगाळ

घंगाळ : स्नानासाठी पाणी घेण्याचे रुंद तोंडाचे, गोल, पसरट भांडे. ते तांब्याचे वा पितळेचे असून उचलण्यासाठी त्याला दोन कड्या असतात. विदर्भासह महाराष्ट्रात घरोघरी ते वापरात होते. तांबट पत्र्यावर ठोके देत ते घडवतात. ठोक्यांनी पत्रा कणखर होतो. स्नानाचे पाणी तापवण्याच्या बंबाच्या मधल्या नळीत लाकडे वा कोळसा पेटवून भोवतीचे पाणी तापवत. ते घंगाळात काढून, विसण (थंड पाणी) घालून तांब्याने अंगावर घेत. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल-उटण्यानंतर घंगाळातील कढत पाण्याला विशेष मान असे. जपानमधील ‘ओफुरो’ या पारंपरिक, हिनोकी लाकडाच्या खोल टबात अंग आधीच बाहेर धुऊन निव्वळ शेकण्यासाठी बसतात. घंगाळात मात्र कोणी बसत नाही. नळ, गिझर व प्लॅस्टिकच्या बादल्या आल्यावर घंगाळाचा रोजचा वापर ओसरला.