परदेशातील व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षण

परदेशातील व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षण म्हणजे भारतीय विद्यार्थ्याने अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड यांसारख्या देशांत विमानोड्डाण शिकून तेथील व्यावसायिक वैमानिक परवाना (सीपीएल) मिळवणे आणि मायदेशी परतल्यावर त्याच्या आधारे भारतीय परवाना घेणे. या दुसऱ्या टप्प्यास परवाना रूपांतरण म्हणतात. वेळ व पैसा वाचावा, हा या मार्गामागील प्रमुख हेतू असतो.

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना स्थापन झाली. वैमानिक परवान्यांचे किमान निकष ही संघटना ठरवते. त्यामुळे सदस्य देशांतील परवान्यांत बरेच साम्य आढळते. तथापि एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. भारतात हा अधिकार नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) आहे.

परदेशाकडे ओढा असण्याची कारणे

प्रशिक्षणाचा खर्च केवळ तासाच्या दरावर अवलंबून नसतो; २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागतात, यावरही तो ठरतो. भारतात पावसाळ्यात प्रशिक्षणाच्या विमानांचे अनेक दिवस वाया जातात. विमाने, प्रशिक्षक आणि परीक्षक यांची कमतरता असली की काही महिन्यांत संपणारा अभ्यासक्रम दोन वर्षांपर्यंत रेंगाळतो, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च तेवढा काळ चालूच राहतो. छोट्या पिस्टन विमानांना लागणारे एव्हीगॅस हे इंधनही दीर्घकाळ आयात करावे लागत असे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदरा येथील शुद्धीकरण प्रकल्पातून त्याचे देशी उत्पादन सुरू केले. याउलट फ्लोरिडा, टेक्सास, अ‍ॅरिझोना या अमेरिकी राज्यांत छोटे विमानतळ भरपूर असून वर्षातील बहुतेक काळ हवामान उड्डाणास अनुकूल असते.

महाराष्ट्रात प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आता जुहूऐवजी धुळ्यास चालते. याशिवाय बारामती, गोंदिया व शिरपूर येथेही संस्था आहेत. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी (१९८५) ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे मिळतो.

रूपांतरण

भारतीय परवान्यासाठी वय किमान १८ वर्षे, भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता आणि २०० तासांचे उड्डाण असे निकष रूढ आहेत. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून असावे लागतात; त्यात ३०० सागरी मैलांचे एक लांब पल्ल्याचे उड्डाण, तसेच ५ तासांचे रात्रीचे उड्डाण व त्यात १० वेळा उड्डाण-अवतरण अपेक्षित असते.

नेमक्या याच ठिकाणी अनेकांचा हिशेब चुकतो. अमेरिकेत सर्वसाधारण मार्गाने २५० तास लागतात, तर मान्यताप्राप्त शाळेतील विशेष अभ्यासक्रमात १९० तासांवर परवाना मिळू शकतो आणि त्यातील काही तास सिम्युलेटरवर झालेले चालतात. असा परवाना तेथे पूर्ण वैध असला, तरी भारतीय निकषाच्या तुलनेत विमानातले तास कमी भरतात आणि उरलेले तास पुन्हा पैसे मोजून करावे लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही अमेरिकी परवाना मिळतो, कारण तेथे बारावीच्या विषयांची अट नाही; भारतात मात्र हीच अट आड येते. असे विद्यार्थी बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते दोन विषय उत्तीर्ण होतात.

परतल्यावर विमान नियम, नॅव्हिगेशन व हवामानशास्त्र यांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात; उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण आवश्यक असतात. रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी असते. ती पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नुसार हे काम डीजीसीएकडे आले. परदेशी प्राधिकरणाकडून परवान्याची पडताळणी होऊन येईपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. २०११ मध्ये काही वैमानिकांनी बनावट गुणपत्रिका सादर केल्याचे उघडकीस आल्यानंतर कागदपत्रांच्या छाननीला विशेष महत्त्व आले. दरम्यानच्या काळात अलीकडचा उड्डाण-सराव तुटल्यास भारतात पुन्हा तास आणि चाचणी उड्डाण करावे लागते.

वैद्यकीय तपासणी हा सर्वांत स्वस्त, तरीही सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा होय. परदेशी डॉक्टरने दिलेले प्रमाणपत्र भारतीय परवान्यास पुरेसे नसते. रंगांधत्वासारखा दोष परतल्यावर आढळला तर तोवर झालेला सारा खर्च व्यर्थ ठरू शकतो. म्हणूनच भारतीय द्वितीय व प्रथम श्रेणीच्या तपासण्या प्रस्थानापूर्वीच करून घेणे इष्ट मानले जाते.

खर्चाचे गणित

परदेशी संस्थांच्या जाहिरातीतील रकमेत बहुधा व्हिसा, विमा, निवास, परीक्षकाचे शुल्क आणि ठरल्यापेक्षा जास्त लागणारे तास धरलेले नसतात. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परदेशी विद्यार्थ्यांना प्रशिक्षणापूर्वी सुरक्षा तपासणीतून जावे लागते. तिचेही शुल्क असते. शुल्क डॉलरमध्ये असल्याने विनिमय दराचा फटका बसतो: २०१० च्या सुमारास ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२२ नंतर ८० रुपयांच्या वर गेला. सर्व शुल्क एकरकमी आगाऊ भरलेले असताना शाळा बंद पडल्यास पैसे परत मिळणे अवघड असते. रूपांतरणानंतरही एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानाचे टाइप रेटिंग स्वखर्चाने करावे लागू शकते, आणि त्याचा खर्च काही लाखांत जातो. एकूण बचत त्यामुळे अनेकदा पैशांपेक्षा वेळेचीच ठरते.

नोकरीची हमी यांपैकी कोणत्याच मार्गात नाही. २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली, तेव्हा नव्याने परवाना मिळवलेल्यांना मोठ्या विमानांचा हजारो तासांचा अनुभव असलेल्या वैमानिकांशी स्पर्धा करावी लागली.