जुहूची धावपट्टी आणि ‘मला खात्री आहे’ नावाची चूक

आजचा भाग विमानांचा. आता तुम्ही म्हणाल, वाशिममध्ये बसून विमानाच्या गप्पा? आपल्या जिल्ह्यात तर विमानतळच नाही! खरंय. पण शेजारी अमरावतीला, बेलोरा विमानतळावर, वैमानिक घडवणारी मोठी शाळा काढणार असल्याचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं. वर्षाला १८० वैमानिक, असा आकडा सांगितला गेला. म्हणजे उद्या कारंजाची किंवा रिसोडची एखादी पोरगी छोट्या विमानात एकटी बसलेली असू शकते. ती सुखरूप खाली उतरावी म्हणून काय लागतं? चांगलं इंजिन लागतंच. पण इतिहास बघितला तर आणखी एक गोष्ट लागते. स्वतःवर थोडा संशय घ्यायची सवय.

चला, मुंबईला जाऊ. जुहूला.

आज जुहू म्हटलं की चौपाटी आणि भेळ आठवते. पण देशातलं खासगी विमानोड्डाण रुजलं ते ज्या मोजक्या मैदानांवर, त्यातलं हे एक. बॉम्बे फ्लाइंग क्लबची छोटी विमानं इथून उडायची. १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडी टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला हा पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, जुहूलाच उतरले. विमान होतं पस मॉथ, एका इंजिनाचं. रेडिओ नाही, रडार नाही. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ आणि हातातला नकाशा, एवढ्यावर सगळं चालायचं.

या गोष्टीत एक भाग असतो, जो फारसा कुणी सांगत नाही. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, नुसता चिखल. मग टाटांनी काय केलं? ‘बघू, उतरू कसंतरी’ असं नाही केलं. पावसाळ्यापुरती सेवा पुण्याला हलवली. वाचायला साधं वाटतं, पण अपघात टाळणं म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं. उडायच्या आधी, जमिनीवर उभं राहून ‘इथे नाही’ म्हणणं.

पुढे मोठी विमानं सांताक्रूझला उतरायला लागली आणि जुहू छोट्या विमानांकडे राहिलं. आता गंमत ऐका. गंमत म्हणजे, काटा येईल अशी.

जुलै १९५३. ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट, त्या काळातलं सगळ्यात नवं जेट विमान, सांताक्रूझला यायचं होतं. उतरलं जुहूला! छोट्या धावपट्टीवर ते कसंबसं थांबलं. तिथून परत उडवायला नऊ दिवस लागले.

बरं, एकदा झालं, सगळे शिकले असतील ना? २४ सप्टेंबर १९७२. जपान एअरलाइन्सचं डीसी-८, आत १२२ माणसं. सकाळची वेळ. तेही सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. धावपट्टी संपली, विमान पुढे निघून गेलं. काही जण जखमी झाले. जीव कुणाचा गेला नाही, पण विमान कायमचं मोडीत निघालं.

हे वैमानिक नवखे होते का? नाही. मग झालं काय? दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेत. सांताक्रूझच्या पट्टीचा क्रमांक ०९, जुहूच्या पट्टीचा ०८. हे आकडे होकायंत्राच्या दिशेवरून देतात, म्हणजे फरक जेमतेम दहा अंशांचा. आणि समुद्राकडून आलं की आधी दिसतं जुहू. अकोल्याच्या गाडीची वाट बघत आपण स्टँडवर उभे असतो. लांबून लाल एसटी वळताना दिसली की पिशवी उचलून धावतो, आणि जवळ गेल्यावर पाटी हिंगोलीची! जे बघायची वाट पाहतो, तेच डोळ्यांना दिसतं. एसटीतून उतरता येतं. विमानातून नाही.

मग यावर उपाय काय निघाला? त्यासाठी जरा अमेरिकेत जाऊ, १९३५ मध्ये. ३० ऑक्टोबरला डेटन शहराजवळ बोइंगचं नवंकोरं बॉम्बर विमान उडालं, वर गेलं आणि कोसळलं. वैमानिक मेजर प्लॉयर हिल हे अत्यंत अनुभवी. तरी दोघांचा जीव गेला. इंजिन ठणठणीत होतं. उभ्या विमानाचे हलणारे भाग वाऱ्याने हापटू नयेत म्हणून कुलूप लावतात, ते काढायचं राहिलं होतं. आपण साइड स्टँड न काढता बाइक सुटवतो ना, अगदी तसं. तेव्हा ‘आणखी हुशार वैमानिक आणा’ असं कुणी म्हटलं नाही. एक कागद बनवला. उडण्याआधी काय काय तपासायचं, त्याची यादी. तीच चेकलिस्ट आज लहानात लहान विमानातही असते.

पण कागद सगळं वाचवत नाही. २३ जून १९८०, दिल्ली. संजय गांधी पिट्स जातीच्या छोट्या विमानातून हवाई कसरती करत होते. विमान खाली आलं, ते आणि सोबतचे कॅप्टन सुभाष सक्सेना दोघेही गेले. कमी उंचीवरच्या कसरतीत चुकीला माफी नसते. उंची ही वैमानिकाची शिल्लक असते. खात्यात पैसे असले तर चूक भरून काढता येते. शंभर-दोनशे फुटांवर खातं रिकामं असतं.

म्हणून ती कारंजाची पोरगी जेव्हा बेलोऱ्याहून उडेल, तेव्हा तिने धाडसी असावं असं आपल्याला वाटेल. असावंच. पण यादी पाठ असली तरी तिने ती वाचावी. धावपट्टी दिसली तरी ‘हीच ना?’ असं एकदा स्वतःला विचारावं. समोर काळा ढग आला तर, घरचे सगळे बघायला आले असले तरी, सरळ मागे फिरावं. आणि ती मागे फिरली म्हणून ‘घाबरली गं’ असं आपण म्हणू नये. ते आपलं काम.

तुमच्या ओळखीत कुणी वैमानिक व्हायला निघालं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज गाडी काढताना साइड स्टँड बघा!