लायडनची बरणी आणि तुमची मोटर

मंडळी, मोटर फिरली की आर्डुइनो रीसेट होतो? कोडला शिव्या घालण्याआधी १७४६ सालच्या हॉलंडमध्ये चला.

लायडन शहरात प्राध्यापक मुसेनब्रुक काचेच्या भांड्यातल्या पाण्यात वीज भरत होते. असा झटका बसला, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा नको, असं त्यांनी पत्रात कळवलं! प्रशियात क्लाइस्टला हेच १७४५ मध्ये सापडलं होतं. हाच पहिला कपॅसिटर: साठवतो आणि क्षणात देतो.

मोटर सुरू होताना भसकन करंट ओढते, व्होल्टेज पडतं. तेव्हा ड्रायव्हरच्या सप्लायवरचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साठवलेली वीज देऊन सावरतो. ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास मोटरच्या दोन टोकांमधला ‘१०४’ सिरॅमिक कमी करतो.

मोठ्याचं प्लस-मायनस मात्र उलटं लावू नका, फुटतो. बरणीचा स्वभाव अजून तोच आहे!