हमीचा करार आणि करदाता

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या आगगाडीचे कौतुक सर्वश्रुत आहे. तिच्या पैशाचा करार मात्र तितका स्मरणात नाही. १७ ऑगस्ट १८४९ च्या या करारान्वये ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी दिली. तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरावयाची, म्हणजे जोखीम रयतेच्या माथी. हिशेब विचारण्याचा हक्क मात्र तिला नव्हता. तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिला. गिरगाव-दादरखालून जाणाऱ्या भुयारी मेट्रोचा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७० कोटी रुपयांवर गेला, तो या हक्काच्याच काळात. कायद्याचे कलम ४ महत्त्वाचे धोरण आखतानाच संबद्ध तथ्ये प्रसिद्ध करावयास सांगते. कलम ८ व्यापारी गुपितास आडोसा देते, अर्थात् व्यापक लोकहित त्याहून वरचढ ठरत नसेल तर.