हिरव्या रेषेचे कुळ

एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास, अगस्ती मावळतीला टेकतो तेव्हा, साताऱ्याच्या पठारांवरून दक्षिणेला नौतल तारकासमूहातला मोठा तेजोमेघ क्षितिजापासून जेमतेम १२ अंशांवर असतो. सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षांवर तिथे तारे जन्माला येत आहेत. पण इतक्या खाली त्याच्या प्रकाशाला डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा चौपटीहून जास्त हवा ओलांडावी लागते. धूळ आणि गावोगावचे दिवेही आड येतात. अशा वेळी कॅमेऱ्यापुढे ‘ओ-थ्री’ फिल्टर लावतात. तो तेजोमेघाच्या वर्णपटातली ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा आत सोडतो आणि बाकीचा बहुतेक प्रकाश अडवतो.

ही रेषा प्रथम १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात दिसली. पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर मात्र ही मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या पट्ट्याची कडा आहे असे म्हणत.

या वादात पुण्याने साक्ष दिली. कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. डब्लिनच्या ग्रब यांची तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. लॉकियर यांच्याशी नायगमवालांचा जवळचा संबंध होता. तरीही १८९१ च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून त्यांनी, रेषा बारीक आणि रेखीव आहे, पट्ट्याची कडा नव्हे, असा निर्वाळा दिला. जवळच्या माणसाच्या मताविरुद्ध जाणारा वेध जसाच्या तसा मांडायला धैर्य लागते.

रेषेचा खरा धनी १९२७ मध्ये अमेरिकेत आयरा बोवेन यांनी शोधला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, म्हणजेच ‘ओ-थ्री’. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की अणूंची टक्कर क्वचितच होते आणि त्यांना हा प्रकाश सोडायला सवड मिळते. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत टकरा आधीच ती ऊर्जा हिरावून घेतात.

पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली, आणि नायगमवालांचे नावही आपल्या बोलण्यातून मागे पडले. आज नौतलाचा तेजोमेघ टिपणाऱ्या प्रत्येक मराठी हौशी छायाचित्रकाराने या फिल्टरच्या वंशावळीत हगिन्स आणि बोवेन यांच्यामध्ये ते नाव हक्काने लिहावे.