माळवदाची मशागत

घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठी पसरलेल्या शिरूर व दौंड या तालुक्यांतील जुन्या घरांच्या छपरांचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याचा आरंभ पर्जन्यमानापासूनच करावा लागतो. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, म्हणून मावळातील घराचे छप्पर उतरते, गवताने वा कौलाने शाकारलेले असते. परंतु पुणे मागे टाकून पूर्वेस निघाले की तोच पाऊस ओसरत ओसरत वीस-बावीस इंचांवर येऊन ठेपतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास, रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर आली असता पडतो. अशा मुलखात उन्हाळ्याची तलखी आणि पौष-माघातील रात्रींचा गारठा हे दोन शत्रू पावसापेक्षा अधिक दिवस घरावर चालून येतात. त्या दोघांशी मुकाबला करण्यासाठी येथील रयतेने जे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या पत्करले, ते म्हणजे माळवद, अर्थात मातीचे सपाट धाबे. ते एकदा बांधून मोकळे होता येईल अशा जातीचे नव्हते. शेताप्रमाणेच त्याची दरसाल मशागत करावी लागे, आणि माझ्या मते त्याचा खरा इतिहास त्याच्या बांधणीपेक्षा या मशागतीत अधिक आहे.

या परिसरातील घरांचा ज्ञात वृत्तांत फार मागे जातो. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झैनुद्दीन अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली त्या पांढरीच्या टेकाडातून इ.स.पू. १६०० ते ७०० या कालखंडातील शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. आरंभीच्या काळातील घरे ऐसपैस व चौकोनी, मातीच्या ठेंगण्या भिंतींची आणि कुडाची असून त्यांवर गवताचे छप्पर होते, इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत मात्र बहुतांशी लहान, वर्तुळाकार झोपड्याच आढळतात, आणि हवामान उत्तरोत्तर कोरडे होत गेल्याने वस्तीला आलेले दारिद्र्य हे त्याचे कारण ढवळीकरांनी सांगितले आहे. पावसाने हात आखडता घेतला की येथील घराचा आकारसुद्धा बदलतो, ही गोष्ट तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या जमिनींवर अशी उमटलेली आहे.

इनामगावच्या झोपड्यांवर माळवद नव्हते, हे खरे. परंतु ज्या द्रव्यातून पुढील काळातील माळवदे उभी राहिली ते द्रव्य अशाच टेकाडांनी पुरवले. प्रत्येक गावाच्या दोन भूमी असतात: पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी. घर पडते, त्याचे लाकूडसामान धनी उचलून नेतो, भिंतींची व छपराची माती जागच्या जागी बसते, तिच्यात चुलीची राख, शेणसारवण, चुनखडीचे खडे मिसळत जातात, आणि काही शतकांनी त्या जागी फिकट, मऊ, किंचित खारट अशा मातीचा उंचवटा तयार होतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने हातभर भेगाळते, म्हणून ती छपरावर कुचकामाची. पांढरीची माती भेगाळत नाही, पहिल्या सरीबरोबर वरचा पापुद्रा दाट होऊन बसतो व पाणी आत न झिरपता उतारावरून वाहून जाते, शिवाय तिच्यातील क्षारांमुळे तण जोर धरीत नाही. तेव्हा माळवदावर पडणारी प्रत्येक पाटी ही कोण्या पूर्वजाच्या भिंतीची वा छपराची माती असे. यात पुरातत्त्वाची अपरिमित हानी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. घरासाठी आणि खतासाठी खणून खणून अर्धी झालेली टेकाडे दख्खनभर दिसतात. तरीही ज्या रयतेने ती खणली, तिच्या डोक्यावरचे छप्पर त्याच मातीने राखले, हेही तितकेच खरे आहे.

घर मोजण्याचे माप खण हे होते. दोन तुळयांमधील अंतर तो एक खण. दोन खणांचे घर गरिबाचे, पाच-सात खणांचे सुखवस्तू कुणब्याचे, आणि चौसोपी वाडा देशमुख-पाटलाचा. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, आणि ऐपत असल्यास कड्यांवर सागाच्या फळ्या ठोकून केलेला कडीपाट. ऐपत नसल्यास बाभळीच्या फांद्या आणि त्यांवर दाट अंथरलेल्या तुराट्या. त्यावर वाळवीला अटकाव म्हणून लिंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांवर पांढरीची कोरडी माती, धुमसाने ठोकून ठोकून एकजीव केलेली. कडेने हातभर उंचीचा कठडा, आणि त्यातून बाहेर काढलेल्या दगडी वा लाकडी पन्हळी. लाकूड हीच काय ती घराची किंमत असे. म्हणूनच दुष्काळाने गाठले म्हणजे दागिना, जनावर आणि मग घराच्या तुळया-कड्या अशा क्रमाने रयत आपला संसार विकीत असे. मातीला मोल नव्हते, परंतु तिच्यावाचून लाकडाला अर्थ नव्हता.

मशागतीचे हंगाम दोन. पहिला वैशाखात, खळी उरकून धान्य कणगीत पडल्यावर आणि मृग निघण्यापूर्वी. वर्षभरात उंदीर-घुशींनी पाडलेली बिळे प्रथम शोधून ठेचून बुजवायची, कठड्याच्या बुडाशी पडलेल्या फटी शेणमातीने लिंपायच्या, पन्हळी मोकळ्या करायच्या, आणि मग गाढवांवरून वा गाडीने आणलेली माती चाळून, बोट-दोन बोटे जाडीने पसरून, किंचित शिंपण करून चोपायची. उतार पन्हळीकडे नेमका राखणे ही खरी कारागिरी होती. डोळ्यांस सपाट दिसणाऱ्या माळवदावर पाणी मात्र एका जागी क्षणभरही थबकता कामा नये, असा तो हिशेब. वळवाच्या मोठ्या सरीचे या छपराला भय नसे, कारण ती झपाट्याने वाहून जाई. भय होते ते दोन-तीन दिवस संथपणे लागून राहणाऱ्या झडीचे. झडीत माळवद भिजून मऊ झाले की त्यावर पाऊल टाकण्याची बंदी असे, आणि गळती लागलीच तर कोपऱ्यात राखून ठेवलेली कोरडी माती व राख शिडीवरूनच त्या जागी टाकीत.

दुसरा हंगाम हस्ताचा पाऊस सरल्यानंतरचा, आश्विन-कार्तिकातला, तो थंडीसाठीचा. त्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगतो. पावसात माळवदावर उगवलेले गवत बी धरण्यापूर्वी मुळासकट, पण माती न उसकटता, काढावे लागे; कारण वाळलेली मुळे कुजली की त्यांच्या जागी नळ्या पडतात आणि पुढच्या वर्षीचे पाणी नेमके त्याच वाटेने घरात उतरते. ओल पूर्णपणे निघून जाईपर्यंत माळवद उघडे, मोकळे ठेवायचे, धुराड्याच्या तोंडाभोवतीची माती पक्की करायची, आतून कड्यांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे ठोकून लाकूड भरीव आहे की पोकळ याचा अंदाज घ्यायचा, आणि पोकळ वाटल्यास शिमग्यापूर्वी सुताराला सांगून ठेवायचे. हे उरकले की दीड-दोन वितींचा तो कोरडा थर दिवसभराचे ऊन पोटात साठवून रात्री घराला ऊब देई. ओल्या मातीला हे साधत नाही. ओली माती थंडगार राहते आणि कड्या कुजवते. म्हणून दिवाळीनंतरच्या या चार दिवसांच्या कामाची दिरंगाई म्हातारी माणसे मुळीच खपवून घेत नसत.

हे श्रम कोणाचे होते? भाऊबंदांनी सावडीने एकमेकांची माळवदे उरकून घ्यावी, शेवटी जेवण घालावे, हा एक प्रकार. सुताराने बलुत्याच्या हक्कात तुळई-कडीची दुरुस्ती करावी, हा दुसरा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त बलुत्याच्या या देवघेवीचे जे तपशीलवार चित्र आहे, ते याच देशावरच्या गावांचे आहे. पण तिसराही एक प्रकार होता आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाटलाच्या वाड्यावर आणि गावच्या चावडीवर मातीच्या पाट्या वाहण्याचे काम वतनाच्या नावाखाली वेठीने ज्यांच्या माथी मारले जाई, त्यांच्या स्वतःच्या घरावर बहुधा कडब्याचे वा पाचटाचे छप्परच असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने खालसा झाली. वाड्यांची माळवदे त्यानंतर ढासळू लागली याची हळहळ जे करतात, त्यांनी ती माळवदे कोणाच्या पाठीवर उभी होती याचाही विचार करावा.

ढासळण्यास इतरही कारणे झाली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना घातला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन दौंड हे जंक्शन झाले. आणि कुंभाराच्या चाकावरच्या नळीच्या कौलांबरोबरच चपटे मंगलोरी कौल व नालीदार पत्रा बाजारपेठेच्या गावांत दिसू लागला. पत्र्याला मशागत लागत नाही, एवढाच त्याचा गुण. बाकी उन्हाळ्यात तो भाजतो आणि थंडीत गोठवतो. कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले, आणि वैशाखात रिकामे असणारे हात बाराही महिने गुंतले. पुढे सिमेंटच्या स्लॅबने उरलेसुरले काम केले.

अखेरचा आघात बाहेरून आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेकडील हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली, आणि दगडमातीच्या घरावरचा सर्व महाराष्ट्राचा विश्वास उडाला. ते स्वाभाविक होते. परंतु दोष कशाचा हे नीट पाहिले पाहिजे. घनफूट मातीचे वजन सुमारे पंचेचाळीस किलो धरले, तर दहा फूट लांब-रुंद खणावर फूटभर थर म्हणजे साडेचार हजार किलोंचा भार होतो. जुन्या रिवाजाप्रमाणे काही वर्षांनी माळवद उकरून जुनी माती खाली उतरवीत व पातळ थर नव्याने घालीत. ते श्रम टाळून दरसाल नुसती भर घालीत गेले की थर दोन-अडीच फुटांवर जातो. त्याखाली ओबडधोबड दगडांच्या, दोन पापुद्र्यांच्या, नुसत्या चिखलात रचलेल्या भिंती असल्या म्हणजे धक्क्यासरशी त्या फुटून बाहेर पडतात.

शिरूर-दौंडच्या गावठाणांत अजून जी थोडी माळवदी घरे वापरात आहेत, त्यांच्या धन्यांना मी आग्रहाने सांगेन की त्यांनी घर पाडण्याची घाई करू नये आणि कानाडोळाही करू नये. पाऊस सरून माती वाळली की या कार्तिकात माळवदाला एका कडेस आरपार खड्डा घेऊन थराची जाडी मोजावी. ती वीतभराहून फार अधिक असल्यास वरची माती समतोल राखीत, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. किल्लारीनंतर अभियंत्यांनी सुचवलेले उपाय अवघड नाहीत: भिंतीच्या दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर बसवावे, आणि खांब-तुळईच्या सांध्यांत तिरके लाकडी टेकू द्यावे. सुतार मिळणे दुरापास्त झाले आहे, तेव्हा त्याची तजवीज दसऱ्यापूर्वीच करावी. आणि उतरवलेली माती रस्त्याच्या भरावात न घालवता शेतात टाकावी, कारण ज्वारीला ती आजही चांगली मानवते.