करवतकाठी: भंडाऱ्याच्या मागावरील काठ

भंडारा जिल्ह्याचे नाव निघते ते भात, तलाव आणि पितळी भांडी यांच्या संदर्भात. मोहाडी, आंधळगाव आणि पवनी येथील कोष्टी विणकरांनी टसर रेशमावर जोपासलेल्या करवतकाठी विणीला मात्र तिच्या योग्यतेचा मान क्वचितच मिळाला आहे. काठाच्या आतल्या कडेला करवतीच्या पात्यासारखे त्रिकोणी दात असतात, त्यावरून हे नाव पडले.

टसर, ज्याला पूर्व विदर्भात कोसा म्हणतात, ते तुतीच्या पानांवरचे रेशीम नव्हे. त्याची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांवर उघड्या रानात वाढते, आणि एरवी मासेमारीसाठी ओळखला जाणारा धिवर समाज पाखरे व मुंग्या यांच्यापासून तिची राखण करीत पिढ्यान्‌पिढ्या हे पीक घेत आला आहे. फांदीला देठाने लटकणारा हा कोश इतका कठीण असतो, की खारवट पाण्यात उकळल्याखेरीज त्यातील डिंक सुटत नाही. मग चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढून ते मांडीवर वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. असे सूत किंचित खरबरीत, कमीअधिक जाडीचे आणि मधाच्या रंगाचे उतरते, आणि या कापडाचे खरे देखणेपण त्या असमानतेतच आहे.

करवतीचे दात भरतकामाने येत नाहीत, छपाईनेही येत नाहीत. ताणा, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले उभे सूत, आणि बाणा, म्हणजे त्यातून आडवे जाणारे सूत, यांपैकी बाणा येथे तीन धोट्यांनी भरला जातो: दोन धोटे दोन्ही काठांचे, एक मधल्या अंगाचा. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जेथे भेटतात तेथे ते एकमेकांत अडकवून मागे फिरवले जातात, आणि ही भेटीची जागा प्रत्येक फेरीत थोडी थोडी सरकवली की दात उमटतो. नक्षी आणि सांधा येथे एकच आहेत.

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत वैनगंगेच्या खोऱ्यातील विणकामाला दरबाराचे गिऱ्हाईक होते. 1867 मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली, 1877 मध्ये तेथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि स्वस्त कापडापुढे हातमागाचे साधे लुगडे टिकेनासे झाले. साध्या झटक्याच्या मागावर, म्हणजे दोरी ओढून धोटा फेकणाऱ्या मागावर, तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात धावतो, त्यामुळे मध्येच अडकवून परतण्याचे हे काम त्याला साधत नाही. करवतीची संथ वीण हातातच राहिली, पण त्या संथपणाचे पुरेसे मोल विणकराच्या पदरी पडले नाही. आता या साड्यांना व कापडाला भौगोलिक मानांकन आहे. त्याने नावाला संरक्षण मिळते, मजुरीला नाही.

अस्सल करवतीची पारख करताना जाणकार काठ उलटून पाहतो. अंगाचा बाणा काठात शिरतच नसल्यामुळे काठाचा रंग मागच्या बाजूनेही तितकाच भरीव असतो, आणि दातांच्या कडेने धाग्यांचे बारीक अडके बोटाला लागतात.